रात्री दोनची जाग

रात्री दोनला जाग येते. गॅस बंद केला होता ना? मुलीची फी, आईचा रिपोर्ट... छातीत धडधडतं आणि शेजारचं माणूस गाढ झोपलेलं. 'उगाच विचार करू नकोस' हे आपलं घरगुती औषध. त्यानं काळजी जात नाही, बोलणं तेवढं बंद होतं. ठरलेल्या वेळी झोप, रोजचं चालणं, संध्याकाळचा चहा वर्ज्य. एवढ्यानंही पुष्कळांना उतार पडतो. नाही पडला, तर समुपदेशकाकडे जावं. मनातल्या 'असं झालं तर?'ला पुरावा मागायला तिथे शिकवतात, आणि ते खरंच शिकता येतं. २०२२पासून सरकारची 'टेली-मानस' ही फोनवरून समुपदेशनाची सेवा चोवीस तास, मोफत, मराठीतही मिळते. नंबर १४४१६. आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.