निकृष्ट कोण—चित्रपट कीं प्रेक्षक ?

उत्तमाची निवड करतांना माणसें कचरतात. अधमाची निवड करतांना मात्र त्यांना अपूर्व उत्साह येतो. अमुक दशकांतील सर्वांत टाकाऊ मराठी चित्रपट कोणता, हा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकींत निघाला, कीं जो तो न्यायाधीशाच्या आसनावर चढून बसतो. त्यांतून १९९१ ते २००० या दशकाचा विषय असला, तर खटला चालविण्याचीही कोणास गरज वाटत नाहीं. विजय कोंडके यांचा १९९१ सालचा 'माहेरची साडी' आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा असतोच, आणि निकालही आधींच लिहून ठेवलेला असतो. माझी तक्रार या निकालाविषयीं थोडी, आणि तो देणाऱ्या न्यायासनाविषयीं फार आहे.

आरोप काय आहेत ? चित्रपटांत रडारड फार आहे; उषा नाडकर्णींची सासू अतिदुष्ट आणि अलका कुबल यांची सून अतिसोशिक आहे; कथाही मूळची आपली नव्हे, ती 'बाई चाली सासरिये' या १९८८ च्या राजस्थानी चित्रपटावरून घेतलेली आहे. हे सारे आरोप मला मान्य आहेत. परंतु वादाच्या भरांत त्यांच्या मागून एक वाक्य हळूच येतें : 'आणि हा चित्रपट पाहावयास खेड्यांतल्या बायकांच्या झुंडी लोटत !' येथें आरोपी बदलतो. आतांपर्यंत चित्रपटाच्या दोषांची चर्चा चालली होती. आतां तो ज्यांना आवडला त्यांच्या लुगड्यांची चर्चा सुरू होते.

आम्ही वाशीमचे लोक या प्रश्नाकडे जरा निराळ्या जागेवरून पाहतों. विदर्भ १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्राचा भाग झाला. परंतु चित्रपटांच्या व्यापारी नकाशावर आमचें वऱ्हाड 'सी. पी. बेरार' या इंग्रजी अमदानींतील नांवानेंच नांदत राहिलें, आणि शेजारचा मराठवाडा 'निजाम' मुलखांतच मोडत राहिला. भाषेनें एक झालेला महाराष्ट्र मराठी चित्रपटाला तीन निरनिराळे बाजार म्हणून ओलांडावा लागे, आणि इकडच्या बाजारांत राज्य हिंदी चित्रपटांचें. १९९१ सालीं वाशीम हें अकोला जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव होतें. स्वतंत्र जिल्हा होण्यास १९९८ साल उजाडावें लागलें. अशा मुलखांत घरचें आवरून बायकांनीं एका मराठी चित्रपटाची वाट धरावी, ही हंसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नव्हे. जें दुःख घरांत बोलून दाखविण्याची सोय नव्हती, त्यासाठीं चित्रपटगृहाच्या अंधारांत चारचौघींबरोबर मोकळेपणीं रडतां आलें. त्या अश्रूंना भाबडे म्हणणाऱ्यानें ते कोठून आले याची आधीं चौकशी करावी.

याचा अर्थ मीं त्या चित्रपटाला निर्दोष सोडलें असा कोणी करूं नये. त्याचा खरा अपराध निराळा आहे. डॉ. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'मधील सुलभा १९८२ सालींच घराबाहेर पडली होती; त्यानंतर नऊ वर्षांनीं आलेल्या या नायिकेच्या छळाला मात्र पुन्हां सोशिकपणाचा दागिना चढविण्यांत आला. प्रेक्षक स्त्रियांचे अश्रू खरे होते. त्यांतून काढून दाखविलेला बोध खोटा होता. टीका करावयाची तर ती येथें करावी, आणि कठोरपणें करावी. ती न करतां नुसती नाकें मुरडणें याला रसिकता म्हणत नाहींत.

शिवाय, दोष असणें निराळें आणि दशकांतील निकृष्टतम असणें निराळें. माझ्या मतें निकृष्टतेची खूण एकच : प्रेक्षकाला मूर्ख समजून त्याच्यासाठीं कष्टच न घेणें. या कसोटीला उतरतात ते नकलाकार. १९८५ चा 'धुमधडाका' आणि १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' लोकांना हंसवून गेले, तेव्हां तशाच हंशाची नक्कल सुरू झाली. 'माहेरची साडी'नें रडविलें, तेव्हां तशाच रडण्याची. मूळ चित्रपटांत निदान कांहीं हेतु होता. नकलांत गल्ल्याखेरीज दुसरा हेतु दिसत नाहीं. पण यादींत नांव येण्यासाठीं चित्रपट आठवावा लागतो, आणि खरे निकृष्ट चित्रपट विस्मरणाच्या आडोशानें निसटून जातात. शिक्षा भोगतो तो लोकांच्या ध्यानांत राहिलेला.

असे घाईचे निकाल आमच्याकडेच लागतात असें नाहीं. अमेरिकेंत १९८१ पासून वर्षांतील निकृष्ट चित्रपटांना उपहासाचीं पारितोषिकें देण्याची प्रथा आहे. तिच्या पहिल्याच वर्षीं निकृष्ट दिग्दर्शकांच्या नामावळींत 'द शायनिंग'साठीं स्टॅन्ले क्युब्रिक यांचें नांव होतें ! आज तोच चित्रपट भयकथांच्या चित्रपटांत मानाच्या पंक्तीला बसतो.

आतां न्यायासनाकडे वळूं. १९९२ सालीं 'एक होता विदूषक' आला. लेखन पु. ल. देशपांडे यांचें, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचें. आणि ज्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदाला आमचा सुशिक्षित वर्ग उथळ म्हणत आला, त्यांनींच त्यांत विदूषकाचें दुःख उभें केलें. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. परंतु तिकिटाच्या खिडकीवर तो पडला. पुलंचीं पुस्तकें ज्यांच्या कपाटांत ओळीनें लावलेलीं होतीं, तीं हजारों घरें त्या आठवड्यांत कोठें गेलीं होतीं ? खेड्यांतल्या बाईनें आपल्या आवडीच्या चित्रपटाला पदरचे पैसे मोजले. आम्ही आमच्या आवडीच्या चित्रपटाला नुसती मान्यता मोजली. निर्मात्यांनीं पुढें कोणाचें ऐकलें, याचें मग नवल कसलें ?

निकृष्टांच्या याद्या खुशाल कराव्या. त्यांनीं करमणूकही होते आणि क्वचित् विचारही होतो. मात्र प्रत्येक यादीकारानें समोरच्या रकान्यांत आणखी एक यादी लिहावी : त्याच दशकांतील कोणते चांगले मराठी चित्रपट मीं स्वतः तिकीट काढून पाहिले ? तो रकाना कोरा राहिला, तर पहिल्या यादींत सर्वांत वर कोणाचें नांव घालावें, हें त्याचें त्यालाच कळेल.