पर्समध्ये मावणारी सुरक्षितता

२०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्याने खास स्त्रियांसाठी ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, पर्समध्ये सहज मावणारे. किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत खाजगी बसमध्ये झालेल्या अत्याचाराने देश पेटून उठला होता. त्या संतापाला सरकारी कारखान्याने दिलेले हे उत्तर!

प्रथम हिशेब पाहू. त्या वर्षी उत्तर प्रदेशात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १४२ रुपये होती. म्हणजे या शस्त्रासाठी मजूर स्त्रीने सुमारे ८६० दिवस राबायचे. कायद्याची हमी मात्र तेव्हा कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची होती. रात्रपाळी संपवून अंधारातून पायी परतणाऱ्या स्त्रीचा विचार या मालामागे नव्हताच.

हलके शस्त्र जवळ असले की भीती जाते, असे समर्थक म्हणतात. परंतु बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचेच असल्याचे सरकारी आकडेवारी सांगते. नातलगावर, शेजाऱ्यावर, मालकावर तिने पिस्तूल रोखायचे काय? शिवाय ज्या घरात कपाटाची किल्ली पुरुषाच्या हाती, तिथे शस्त्रही त्याच्याच हाती जाणार.

न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्येच पोलीस सुधारणांचा आग्रह धरला होता. रात्री धावणारी सार्वजनिक बस, रस्त्यावर दिवा आणि तक्रार नोंदवून घेणारे ठाणे, हे राज्यसंस्थेचे देणे आहे. ते चुकते न करता नागरिकाला रिव्हॉल्व्हर विकणारे सरकार स्वतःच्या कर्तव्याचे खाजगीकरण करीत असते. कार्यकर्त्यांनी हे देणे गावोगावी मागितले पाहिजे.