त्यांच्यात चालतं हो!

डहाणूच्या किनारपट्टीवर, चिकूच्या वाड्यांच्या पट्ट्यात, एक वाक्य हमखास कानावर पडतं. वाडीवर कामाला येणारी एखादी पोर लग्नाआधीच पोटुशी असली, की ओटीवर सुपारी कातरता कातरता कुणीतरी म्हणतं, ‘त्यांच्यात चालतं हो.’ बोलणारा वाईट असतो असं नाही. आपण उदार आहोत, असंच त्याला वाटत असतं. पण या वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य दडलेलं आहे: त्यांच्यात चालतं, मग आपण हात घातला तर काय बिघडलं? पहिलं वाक्य ओटीवर मोठ्याने बोललं जातं. दुसरं कुणी बोलत नाही. या भागातल्या जमीनदारांनी ते पिढ्यानपिढ्या नुसतं अमलात आणलं.

‘त्यांच्यात’ म्हणजे इथल्या वारली आदिवासींमध्ये. वारल्यांमध्ये जोडपं आधी एकत्र राहतं, मुलंबाळं होतात आणि खर्चाची सोय झाली की मुलांना मांडवात घेऊन लग्न लागतं. त्यात लाजण्यासारखं त्यांना काही वाटत नाही, आणि नाहीही. अडचण होती ती खर्चाची. शे-दोनशे रुपये जमीनदाराकडून उचलायचे आणि अंगमेहनतीने फेडायचे. नवरा-बायको दोघं राबायची, हिशेब जमीनदाराच्या वहीत, आणि तो काही केल्या संपायचा नाही. हा लग्नगडी. ज्याच्या पैशाने लग्न लागलं त्याचा नवरीवरही हक्क, असं जमीनदारांनी परस्पर ठरवून टाकलेलं. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलं असेल, त्यांना हे नवीन नाही. सिमिंग्टन या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या 1939च्या सरकारी अहवालातही जमीनदार कुळांच्या बायकांचा भोगासाठी वापर करतात, अशी स्पष्ट नोंद आहे. मुंबई इथून रेल्वेने तीन-साडेतीन तासांवर. त्या नोंदीवरून तिकडच्या पांढरपेशांत गदारोळ उठला, असं निदान माझ्या वाचनात नाही.

गदारोळ उठला होता तो भलत्याच गोष्टीवर. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या कामजीवनाविषयीच्या प्रश्नांना सरळ, शास्त्रीय उत्तरं देत. त्यापायी 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दोनशे रुपये दंड झालाच. दोनशे रुपये! तेवढ्या पैशात इकडे एक लग्नगडी जन्मभरासाठी मिळत होता, बायकोसकट. प्रश्नाला उत्तर देणं अश्लील, आणि कुळाची बायको वाड्यावर ठेवून घेणं हा मात्र रिवाज.

लग्नगडी बंद पडला तो कुणाच्या दयेने नव्हे. 23 मे 1945ला तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ नाही, लग्नगडी नाही, असं ठरवून उठले. पुढे ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. वारल्यांनी मागितलेला गवतकापणीचा पाचशे पौंडांना अडीच रुपये हा दर लढ्याच्या इतिहासात नोंदला गेला, भाषणांतून सांगितलाही जातो. बायकांनी काय सोसलं ते मात्र ‘अनन्वित अत्याचार’ म्हणून वक्ते एका दमात उरकतात. दराबद्दल व्यासपीठावर बोलता येतं. वाड्यावरच्या माजघराबद्दल बोलायचं तर श्रोत्यांत कुणाकुणाचे आजोबा निघायचे.

आणि ज्यांना आपण रानटी म्हणत आलो त्यांच्या घरात डोकवा. लग्नाआधी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात. चौकटीच्या आत नक्षी दाटत जाते आणि मधोमध पालघट देवी येते, सृजनाची देवी, उघड्या अंगाची. लेकीसुनांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांसमोर ती रेखाटली जाते. कुणी मान खाली घालत नाही. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. हीच वारली चित्रकला आता आपल्या कपांवर, साड्यांवर, दिवाणखान्यांत आली आहे. तारपा नाच येतो, बैलगाडी येते, झाड येतं. कपावर पालघट मी अजून पाहिलेली नाही.

हा मोकळेपणाच आदिवासी बाईविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला. 1972 साली विदर्भात देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. तिचं नाव कायद्याच्या पुस्तकांत आहे, इथे नको. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं सांगून आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने 1978मध्ये अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, असं म्हणत त्या दोघांना निर्दोष ठरवलं. ‘त्यांच्यात चालतं’ हेच ओटीवरचं वाक्य, काळा कोट घालून आलेलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे 1983मध्ये कायदा बदलला.

कायदा बदलला, पण नजर बदलायची तर ती शिकवावी लागते. मुलींना सावध राहायला शिकवण्याची आपल्याकडे टंचाई नाही. पोरांना कोण काय सांगतं? 2007 साली लैंगिक शिक्षणाच्या पुस्तकांवरून विधिमंडळात गोंधळ झाला आणि राज्याने तो विषयच शाळांतून बाहेर काढला. तरी दहावीच्या विज्ञानात मानवी पुनरुत्पादनाचा धडा आहे. तो आला की बरेच शिक्षक घसा खाकरून म्हणतात, ‘हा घरी वाचून या.’ तलासरीच्या आश्रमशाळेतल्या पोराने कुठे वाचावा? दिवाळीनंतर त्याच्या घराला कुलूप. आईबाप वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर. वसतिगृहात मोठ्या पोरांकडे एखादा मोबाइल असतो, रात्री तो हातोहात फिरतो, आणि बाई म्हणजे काय हे पोरं त्यावर पाहून घेतात.