गोठ्यात वायर ओढली, अर्थिंगचं काय?

पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून स्पष्टच लिहितो. घरातून दोन वायरी ओढायच्या आणि गोठ्यात बल्ब, कडबाकुट्टी चालू करायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. अर्थिंगची तिसरी वायर नाहीच!

कुणी नुसता रॉड ठोकतं, म्हणतं, "एमसीबी आहे की!" अहो, रॉडचा रोध २० ओहम धरला तरी २३० व्होल्टला साडेअकरा अँपिअरच वाहतात. १६ चा एमसीबी पडतच नाही. पत्रा, पाइप सगळ्यात करंट राहतो. जनावराचे चारही पाय ओल्या जमिनीवर, आधी तेच जातं. मग सोडवायला धावणारा माणूस.

तिसरी वायर, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, तिन्ही हवंच. गोठ्याचं अनुदान देताना ग्रामपंचायतीने हेही तपासावं. पटतंय का?