विश्लेषण : आवाजाला मर्यादा, मग ‘डीजे’कडे उरते काय? सूर जुळवण्याचे ‘हार्मोनिक मिक्सिंग’ कसे चालते?

वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीत ‘डीजे सांगितला का?’ असे विचारले जाते, तेव्हा चौकशी बहुधा माणसाची नसते. ती गाडीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीची असते. लग्नाची वरात, गणेश विसर्जन, दुर्गोत्सव, आंबेडकर जयंती अशा प्रत्येक वेळी ‘डीजे हवा की नको’ हा वाद होतो, तोही याच भिंतीभोवती. प्रत्यक्षात डीजे म्हणजे गाणी निवडून एकात एक मिसळणारा कलाकार. त्याच्या कामातला महत्त्वाचा भाग म्हणजे सूर जुळवणे, आणि वादात त्याचा उल्लेखही होत नाही. आवाज कमी करावा लागला, तर मात्र हाच भाग सर्वांत आधी कानावर येतो.

आवाजाचे नियम काय सांगतात?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० पासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. ही सवलत वेळेची आहे; आवाजाची मर्यादा त्या दिवशीही कायम राहते.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये या नियमांच्या अंमलबजावणीबाबत सविस्तर निकाल दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये विसर्जनाच्या तोंडावर ध्वनियंत्रणा व्यावसायिकांच्या संघटनेने दिलासा मागितला, तेव्हाही न्यायालयाने तो नाकारला. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही, हेही इथे लक्षात घ्यावे लागते. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. त्यामुळे ५५ आणि ९५ यांतले अंतर दुप्पट नव्हे, तर तीव्रतेच्या हिशेबात दहा हजार पट आहे.

‘हार्मोनिक मिक्सिंग’ म्हणजे काय?

एक गाणे संपत असताना दुसरे सुरू करणे हे डीजेचे मूळ काम. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात : लय आणि सूर. लय जुळली नाही, तर नाचणाऱ्याचा पाय अडखळतो आणि चूक लगेच कळते. सूर जुळला नाही, तर ‘काहीतरी खटकतेय’ एवढेच जाणवते. दोन्ही गाणी एकत्र वाजण्याच्या काही सेकंदांत त्यांचे सूर एकमेकांशी भांडू नयेत, म्हणून पट्टी पाहून गाण्यांचा क्रम लावणे म्हणजे हार्मोनिक मिक्सिंग.

खटकण्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. पांढरी एकच्या मधल्या सप्तकातल्या स्वराची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे २६१.६, तर शेजारच्या काळी एकची सुमारे २७७.२ असते. दोन्ही एकत्र वाजले की फरकाइतकी, म्हणजे सेकंदाला सुमारे १६ वेळा थरथर होते. कानाला ती खरखरीत लागते. खर्जात हा फरक आणखी लहान होतो, त्यामुळे बास घुमल्यासारखा, हेलकावल्यासारखा ऐकू येतो.

घड्याळासारखे चक्र कसे वापरतात?

डीजे ‘कॅमलॉट व्हील’ नावाचे चक्र वापरतात. त्यात घड्याळासारखे १२ आकडे असतात आणि प्रत्येक आकड्याला दोन अक्षरे : ‘बी’ म्हणजे मेजर, ‘ए’ म्हणजे मायनर. असे एकूण २४ कप्पे होतात. नियम सोपा आहे. त्याच कप्प्यातले गाणे घ्या, एक आकडा पुढे-मागे जा किंवा आकडा तोच ठेवून अक्षर बदला.

उदाहरणार्थ, ‘८-बी’ म्हणजे पांढरी एकचे मेजर. त्याच्या एका बाजूला ‘९-बी’, म्हणजे पांढरी पाच, आणि दुसऱ्या बाजूला ‘७-बी’, म्हणजे पांढरी चार. या शेजाऱ्यांचे सातपैकी सहा स्वर ‘८-बी’शी सारखे असतात. उलट पेटीवर अगदी लागून असलेल्या काळी एकच्या मेजरशी केवळ दोन स्वर जुळतात. म्हणजे पेटीवरचा शेजारी वेगळा आणि सुरातला शेजारी वेगळा.

भारतीय संगीताला हे नवीन आहे का?

नाव नवीन, तत्त्व जुने. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त संवादाची कल्पना आहे : ९ किंवा १३ श्रुतींच्या अंतरावरचे स्वर एकमेकांशी संवादी मानले जातात. यालाच पुढे षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम भाव म्हटले गेले. चक्रावर एक पाऊल पुढे म्हणजे पंचम, एक पाऊल मागे म्हणजे मध्यम. अक्षर बदलणे हा तर मूर्च्छनेचाच प्रकार आहे. बिलावल थाटाचे स्वर तेच ठेवून धैवताला षड्ज मानले, की आसावरी थाट मिळतो. ‘८-बी’चे ‘८-ए’ होते. पेटीवर भजनाची साथ करणारा माणूस पट्टी बदलताना जे कानाने करतो, तेच डीजे आकड्यांनी करतो.

सॉफ्टवेअर हे काम आपोआप करत नाही का?

करते. गाण्याची पट्टी ओळखून आकडा दाखवण्याची सोय रेकॉर्डबॉक्स, सेराटो, व्हर्च्युअल डीजे यांसारख्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये आहे. अडचण अशी की ही पद्धत मेजर-मायनरच्या २४ कप्प्यांची आहे आणि आपली सगळी गाणी त्यात बसत नाहीत.

भैरव अंगाच्या गाण्यात कोमल रिषभ-धैवत आणि शुद्ध गंधार-निषाद असतात. हा स्वरसमूह मेजरही नाही आणि मायनरही नाही. तरीही सॉफ्टवेअर त्याला एखाद्या कप्प्यात ढकलतेच. भैरवीत वेगळी फसगत होते. पांढरी एकमधल्या भैरवीचे स्वर आणि काळी चारच्या मेजरचे स्वर तेच. त्यामुळे सॉफ्टवेअर ‘४-बी’ दाखवू शकते, पण गाण्याचा षड्ज पांढरी एकच असतो. स्वर जुळतात, घर जुळत नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांत टेपचा वेग किंचित कमी-जास्त असल्याने सूर दोन पट्ट्यांच्या मध्येही पडतो. जयंतीच्या मिरवणुकीत जुन्या कॅसेटवरचे भीमगीत आणि नवे रिमिक्स जोडताना हा प्रश्न येतो. तिथे आकडा नव्हे, कानच प्रमाण.

वेगाचाही संबंध आहे. गाणे सुमारे ६ टक्के जलद केले, की सूर अर्ध्या स्वराने चढतो. म्हणजे मिनिटाला १०० ठोक्यांचे गाणे १०६ वर नेले, की पट्टी बदलते. वेग बदलूनही सूर स्थिर ठेवणारे ‘की लॉक’ बटण असते, पण ते सुरू आहे की नाही हे न पाहता केलेली जुळणी फसते.

मोठ्या आवाजात ही चूक का लपते?

मिरवणुकीत दोन गाण्यांच्या मध्ये बहुतेकदा केवळ ठेका वाजवला जातो. नुसत्या ठेक्याला पट्टी नसते, त्यामुळे भांडणही नसते. शिवाय क्षमतेच्या टोकाला चालवलेले स्पीकर स्वतःच आवाज फाटका करतात, आणि एकाच रस्त्यावर मागेपुढे दोन गाड्या वेगवेगळी गाणी वाजवत असतील, तर सुराचा प्रश्नच संपतो. आवाज उतरला, छातीत बसणारा दणका गेला, की श्रोत्याचे लक्ष गाण्याकडे जाते. तेव्हा बेसूर जोड झाकता येत नाही.

दुसरीकडे, २०२० नंतर डीजे सॉफ्टवेअरमध्ये गाण्यातला गायकाचा आवाज, ताल आणि वाद्ये तिथल्या तिथे वेगळी करण्याची सोय आली. एका गाण्याचा गळा दुसऱ्याच्या संगीतावर बसवणे सोपे झाले. त्यात मात्र पट्टी चुकली, तर लपायला ठेक्याचा आडोसा नसतो.

सूर जुळल्याने वाद मिटेल का?

नाही. सुरेल गाणेही ९५ डेसिबलवर त्रासच देते. आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला किंवा अभ्यास करणाऱ्याला पट्टी जुळली की नाही याने फरक पडत नाही. नियम पाळण्याला सूर हा पर्याय नाही.

फरक पडतो तो व्यवसायाला. ‘जितके स्पीकर जास्त, तितका भाव जास्त’ या हिशेबावर उभा असलेला धंदा मर्यादेची अंमलबजावणी होताच अडचणीत येतो, कारण विकायला त्याच्याकडे दुसरे काही नसते. कानाने सूर ओळखणारा, गाण्यांची पट्टीनुसार यादी ठेवणारा आणि क्रम बांधणारा डीजे मंगल कार्यालयात, बंद सभागृहात, कमी आवाजातही आपले काम दाखवू शकतो. त्यासाठी लागणारी मुख्य गुंतवणूक वेळेची : ऐकणे, पेटीवर षड्ज शोधून पाहणे, सॉफ्टवेअरचा आकडा तपासणे.

यात ग्राहकाचाही वाटा आहे. सुपारी देताना ‘किती बेस?’ एवढेच विचारले गेले, तर उत्तरही तेवढ्यापुरतेच मिळेल. ‘कोण वाजवणार आणि काय वाजवणार?’ हा प्रश्न वर्ध्यातल्या वरातींत विचारला जाऊ लागला, तर ‘डीजे’ हा शब्द भिंतीकडून पुन्हा माणसाकडे येऊ शकतो.