श्रद्धा आणि प्रमाण

देवावर श्रद्धा ठेवणाऱ्याने विज्ञानावर विसंबावे काय, हा प्रश्न रोगाची साथ आली की हटकून निघतो. परळची हाफकिन संस्था ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या वाल्देमार हाफकिन यांचे चरित्र हेच त्याचे पुरेसे उत्तर आहे. मुंबईत प्लेगने हाहाकार उडविला असता त्यांनी प्रतिबंधक लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातील मल्कोवाल येथे लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला. परंतु पुराव्याची फेरतपासणी होऊन १९०७ साली ते निर्दोष ठरले. हेच हाफकिन निष्ठावंत ज्यू होते. १९१६ साली त्यांनी आपल्या धर्मातील सनातन आचाराचा जाहीर पुरस्कार केला.

माणसाने कशासाठी जगावे, हे श्रद्धेला विचारावे. रोग कशाने टळतो, हे मात्र प्रयोगालाच विचारले पाहिजे. श्रद्धेने प्रयोगाचा निकाल ठरवू नये, आणि विज्ञानानेही तपासणीवाचून विश्वास मागू नये. देवापुढे हात जोडणाऱ्याने लशीसाठी दंड पुढे केला, तर त्यात देवाचा कोणताही अवमान नाही.