प्लेटलेट्स घटल्या म्हणजे डेंग्यूच? औषधामुळे घटल्या तर नोंद कशी होते?

पावसाळ्यात ताप आला आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स कमी दिसल्या की निदान घरातच ठरतं: डेंग्यू! मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं जालन्यातलं पिंपळगाव रेणुकाई असो की पुणे, चित्र सारखंच. पण प्लेटलेट्स औषधांमुळेही घटतात. क्विनीन, सल्फाची औषधं, टीबीवरचं रिफाम्पिसिन, रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं हेपारिन ही काही उदाहरणं.

कोड म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीत प्रत्येक आजाराला कोड आहे. डेंग्यूचा ए९७. औषधासारख्या दुसऱ्या कारणाने प्लेटलेट्स घटल्या तर डी६९.५. कारणच लिहिलेलं नसेल तर डी६९.६. डी६९.५ सोबत औषधाचा गट सांगणारा कोडही जोडता येतो. हेपारिनच्या गटासाठी तो वाय४४.२ आहे. मात्र कोड देणारा कर्मचारी स्वतः निदान करत नाही. डॉक्टरांनी फक्त 'प्लेटलेट्स कमी' लिहिलं, तर औषध नोंदीतून गायब होतं.

यात धोका काय?

हेपारिनमुळे प्लेटलेट्स साधारणपणे ५ ते १० दिवसांत घटतात आणि रक्तस्रावापेक्षा गुठळ्या होण्याची भीती जास्त असते. अशा रुग्णाला पुढच्या वेळी नकळत पुन्हा हेपारिन दिलं, तर ते जिवावर बेतू शकतं.

कोविशील्डचं काय?

एप्रिल २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या ब्रिटनमधल्या कोर्टातल्या कबुलीची बातमी व्हायरल झाली. लसीमुळे अत्यंत क्वचित गुठळ्या होऊन प्लेटलेट्स घटू शकतात, असं त्यात होतं. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोविशील्ड नावाने बनवली. भारतात १० लाख डोसमागे गुठळ्यांच्या ०.६१ घटना, हा आकडा सरकारने मे २०२१ मध्येच दिला होता. असा आकडा नोंदींवरच उभा राहतो. अमेरिकेच्या कोड यादीत या विकारासाठी ऑक्टोबर २०२२ पासून डी७५.८४ हा वेगळा कोड आहे.

तुम्ही काय करू शकता?

डिस्चार्ज कार्डवर संशयित औषधाचं नाव लिहून मागा आणि ते कार्ड जपून ठेवा. दुष्परिणामाची तक्रार रुग्णही करू शकतो. त्यासाठी सरकारचा टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४. आणि हो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंही औषध बंद करू नका.